वीरधर्म आज उरला आहे काय?

निपाणीहून बेळगावकडे निघालेला प्रवासी तवंदीचा घाट चढून संकेश्वरला येतो, तेव्हा उजव्या हाताला एक रस्ता गडहिंग्लजकडे फुटतो. त्या रस्त्याने पुढे गेले की नेसरीची खिंड लागते. तसे न वळता सरळ बेळगाव गाठले आणि तेथून पूर्वेचा रस्ता धरला, तर बैलहोंगल तालुक्यात बेळवडी नावाचे गाव भेटते. बेळगाव-धारवाड रस्त्यावर कित्तूर आहे, आणि धारवाडच्या अलीकडे आडबाजूस यादवाड म्हणून एक गाव आहे. ही चारही ठिकाणे पहाटे निघणाऱ्या माणसाला दिवस मावळेपर्यंत पाहून होतील इतकी जवळ आहेत. आजच्या भाषणाचा विषय मला या चार गावांनीच सुचविला. मध्ययुगातील वीरांचा जो एक धर्म होता, ज्याला इंग्रज लोक शिव्हल्री म्हणतात, तो आपल्या आधुनिक जीवनात कोठे शिल्लक आहे काय, हा तो विषय होय.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. शिव्हल्री या शब्दाच्या मुळाशी घोडा आहे. फ्रेंच भाषेत घोड्याला जे नाव आहे त्यावरून घोडेस्वाराचे नाव पडले, आणि त्या घोडेस्वाराच्या आचारधर्माला हे नाव मिळाले. आपल्याकडेही शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार; सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा बाळगण्याची ऐपत ज्याच्यापाशी, त्याच्यापाशी मान. आणि मान असेल तर तो राखण्याची जबाबदारीही. पायी चालणाऱ्या माणसाला घोड्यावरचा माणूस केव्हाही तुडवू शकतो. म्हणूनच घोड्यावरच्या माणसाला लगाम हवा, अशी जाणीव सर्वच समाजांना कधी ना कधी झाली. अकराव्या शतकात युरोपातील धर्मपीठाने सरदारांना शपथा घातल्या, त्या याचसाठी. शेतकरी, स्त्रिया, धर्मगुरू आणि निःशस्त्र वाटसरू यांच्यावर हात टाकू नये, असा त्या शपथांचा आशय होता.

परंतु या युरोपीय वीरधर्माला एक कुंपण होते, हे विसरून चालणार नाही. १३५६ साली पॉयतिएच्या लढाईत इंग्लंडच्या राजपुत्राने फ्रान्सचा राजा जॉन यास कैद केले. त्या रात्री विजयी राजपुत्राने पराभूत राजाला आपल्या तंबूत मेजवानी दिली आणि स्वतः वाढप्याप्रमाणे त्याच्या सेवेस उभा राहिला, असे बखरकार फ्रॉयसार सांगतो. याच राजपुत्राने १३७० साली लिमोज हे शहर घेतले, तेव्हा तेथील सामान्य नागरिकांच्या कत्तलीचे वर्णनही तोच फ्रॉयसार करतो. त्याने दिलेल्या आकड्यांविषयी पुढच्या इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. तथापि मुद्दा निराळा आहे. राजाशी दिलदारी आणि रयतेशी क्रौर्य ही दोन्ही एकाच माणसाच्या चरित्रात नांदू शकत होती, आणि त्यात त्या काळाला विसंगती वाटत नव्हती. वीरधर्म हा बरोबरीच्या लोकांनी बरोबरीच्या लोकांशी पाळावयाचा धर्म होता.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बेळगाव, खानापूर, चंदगड या बाजूस देवळांच्या आवारात, तळ्याच्या काठी, कधी नुसत्या शेताच्या बांधावर उभे असलेले वीरगळ आपण पाहिले असतील. वीर शब्द संस्कृत आणि गळ म्हणजे कानडी कल्लु, दगड. अर्धा शब्द एका कुळातला, अर्धा दुसऱ्या कुळातला. या सीमेवरच्या मुलखाला शोभणारेच ते नाव आहे. वीरगळावर बहुधा तीन थर कोरलेले असतात. खालच्या थरात झुंज, मधल्यात अप्सरा वीराला वर नेत आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. हे दगड मोठ्या राजांचे नव्हेत. गावची गुरे कोणी वळवून नेऊ लागला, दरोडेखोर स्त्रियांच्या अंगाला हात घालू लागले, तेव्हा मध्ये पडून मेलेल्या साध्या माणसांचे ते आहेत. त्यांतील पुष्कळांवर अक्षर नाही, नाव नाही. आमच्याकडे वीरत्वाची पहिली व्याख्या किती भूमी जिंकली यावर झाली नाही. कोणाच्या रक्षणासाठी देह ठेवला यावर झाली. ही गोष्ट मी या भाषणाच्या आधारासाठी प्रथम मांडून ठेवतो.

नेसरीची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. निदान तिचा शेवट ठाऊक आहे. तिचा आरंभ मात्र फार थोडे लोक सांगतात. १६७३ च्या एप्रिलात जतजवळच्या उमराणीस सरनोबत प्रतापराव गुजर यांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला कोंडीत धरले. मराठ्यांनी पाणी तोडले होते. उन्हाळ्याचे दिवस, माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ. खानाने वाट मागितली आणि प्रतापरावांनी ती दिली. तहानलेल्या, हात जोडणाऱ्या शत्रूला जाऊ द्यावे, हे त्यांच्या शिपाईबाण्याला साजेसे होते. पण छत्रपतींना हे मानवले नाही. खान पुन्हा उलटणार हे त्यांनी ओळखले होते, आणि तो उलटलाच. बहलोलखानाचा पाडाव केल्याविना आम्हांस तोंड दाखवू नये, अशा अर्थाचे कडक शब्द सरनोबतांना गेले. १६७४ च्या फेब्रुवारीत, २४ तारखेस, नेसरीच्या खिंडीत खान समोर येताच प्रतापराव मुख्य फौजेची वाट न पाहता मूठभर स्वारांसह त्याच्यावर तुटून पडले आणि सर्वजण कामी आले. मुंबईकर इंग्रजांच्या पदरी असलेल्या नारायण शेणवी यांनी त्याच वर्षी एप्रिलात लिहिलेल्या पत्रातही सहा स्वारांसह प्रतापराव पडल्याची वार्ता आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने ते सात वीर घराघरांत नेले.

या घटनेत वीरधर्माची दोन अंगे एकमेकांपुढे उभी आहेत. एक शरणागताला अभय देण्याचे, आणि दुसरे मानासाठी प्राण टाकण्याचे. आणि दोन्हींच्या पलीकडे राज्याचे हित उभे आहे, जे म्हणते की सेनापतीने अभय देण्यापूर्वी प्रजेचा विचार करावा आणि प्राण टाकण्यापूर्वी फौजेचा. येथे प्रतापराव चुकले असे म्हणणे सोपे आहे. राजकारणाच्या हिशेबात ते दोनदा चुकले. पण छत्रपतींचे मन या हिशेबापाशी थांबले नाही. त्यांनी पुढे आपले धाकटे पुत्र राजाराम यांचा विवाह प्रतापरावांच्या मुलीशी केला. सरनोबताची आज्ञाभंगाची चूक आणि त्याच्या मनाची थोरवी ही दोन निराळ्या पानांवर मांडण्याची समज ज्या राजाला होती, त्याने वीरधर्म जाणला होता असे म्हणावे लागेल.

तसे म्हणण्यास याहून मोठा आधार बेळवडीत आहे. दक्षिण दिग्विजय करून महाराज परतत असता, १६७८ च्या आरंभी, बेळवडीच्या गढीतील लोकांनी मराठी सैन्याचे काही बैल व सामान पळविले. त्यातून वेढा पडला. देसाई लढाईत पडला आणि त्याच्या पत्नीने, मल्लम्मेने, गढी लढविण्यास घेतली. काही साधनांत तिचे नाव सावित्री असे येते. जिंजी-वेलोरपर्यंत जाऊन आलेल्या फौजेला त्या लहानशा मातीच्या गढीने सत्तावीस दिवस रोखून धरले. राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी २८ फेब्रुवारी १६७८ रोजी लिहिलेल्या पत्रात याचे मोठे कौतुक केले आहे. मोगलांकडून वा विजापूरकरांकडून जी नामुष्की शिवाजीराजांना आली नाही ती या ठिकाणी आली. इतकी राज्ये जिंकणाऱ्याला एका देसाईणीला नमविणे जमेना, असा त्या पत्राचा भाव आहे. लिहिणाऱ्याचा हेतू टोचण्याचा होता. पण त्या टोचण्यातूनच मल्लम्मेच्या पराक्रमाला समकालीन पुरावा मिळाला, हे आपले भाग्य.

अखेर गढी पडली. पुढे जे घडले त्याविषयी साधने एकमुखी नाहीत. एका फार्सी तवारिखेत असे आले आहे की गढी घेणारा सखूजी गायकवाड याने त्या स्त्रीचा अपमान केला, आणि ते कळताच महाराजांनी त्याचे डोळे काढून त्याला मानोलीस कैदेत ठेवले. कानडी परंपरा म्हणते की महाराजांनी मल्लम्मेला बहीण मानून तिचा मुलूख तिला परत दिला. डोळे काढण्याची शिक्षा आजच्या कानाला क्रूर वाटेल, आणि तसे वाटणे ही आपल्या काळाची कमाई आहे. परंतु ती शिक्षा कोणाला झाली ते पाहावे. ती शत्रूला झाली नाही. नुकताच विजय मिळवून देणाऱ्या स्वतःच्या सरदाराला झाली, आणि तीही परक्या पक्षाच्या, परक्या भाषेच्या, पराभूत झालेल्या एका विधवेसाठी. पॉयतिएच्या राजपुत्राने जो सन्मान राजाला दिला, तो येथे गावच्या देसाईणीला मिळाला. युरोपीय वीरधर्माचे जे कुंपण मी मघाशी सांगितले, ते बेळवडीस ओलांडले गेले.

आणि आता यादवाड. तेथे मारुतीच्या देवळापाशी एक कोरीव शिळा आहे. एका भागात घोड्यावर स्वार झालेला हत्यारबंद पुरुष, दुसऱ्या भागात तोच पुरुष मांडीवर मूल घेऊन बसलेला आणि समोर एक स्त्री. लोकपरंपरा सांगते की हा पुरुष म्हणजे शिवाजीमहाराज, मूल मल्लम्मेचे, आणि ही शिळा मल्लम्मेने कृतज्ञतेने बसविली. परंपरेचा प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीवर उतरेलच असे नाही. तरीही तीनशेहून अधिक वर्षे कानडी मुलखातील एका गावाने ही आठवण जपली, एवढे तरी निर्विवाद आहे. विजेते स्वतःची स्मारके उभारतातच. हरलेल्यांनी जिंकणाऱ्यासाठी उभारलेला दगड मात्र विरळा. वीरधर्म कोठे होता असा प्रश्न कोणी केला, तर मी तलवारी आणि किल्ले न दाखविता हा दगड दाखवीन.

श्रोतेहो, आपल्या पूर्वजांचे गुणगान करून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्या राजाने चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेल्या पत्रात रयतेच्या गवताच्या काडीला, भाजीपाल्याला बळाने हात लावू नका, लागेल ते पैसे देऊन बाजारातून घ्या असे बजावले, त्याच्याच नावाने चालणाऱ्या फौजा पुढे कशा वागल्या? १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज म्हैसूरच्या स्वारीवर असताना तिच्याबरोबरच्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांनी मदतीसाठी पत्र लिहिले ते टिपू सुलतानाला, आणि मठाची पुन्हा घडी बसविण्यास द्रव्य पाठविले तेही त्यानेच. ही गोष्ट मराठी मनाला खाली पाहावयास लावणारी आहे, आणि म्हणूनच ती सांगितली पाहिजे. वीरधर्म रक्तात उतरत नसतो. तो दर पिढीत शिकवावा लागतो, आणि न पाळणाऱ्याला शासन करावे लागते. बेळवडीस शासन झाले म्हणून आठवण उरली. शृंगेरीस लगाम सुटला आणि डाग उरला.

बेळवडीनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी त्याच मुलखात पुन्हा एक स्त्री उभी राहिली. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि स्टीव्हन्सन व वॉल्टर एलियट हे त्याचे दोन तरुण साहाय्यक राणी चन्नम्माच्या हाती लागले. कंपनीने कित्तूरचा दत्तक नाकारला होता, तिच्या दारात तोफा आणल्या होत्या. सूड घ्यावयाचा तर दोन गोरे अधिकारी हाताशी होते. पण राणीने त्यांना इजा होऊ दिली नाही आणि पुढे त्यांना सोडून दिले. कैद्यांची सुटका झाली तरी युद्ध थांबले नाही. मोठी फौज आली, डिसेंबरात किल्ला पडला, आणि राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असतानाच १८२९ साली वारली. उमराणीला प्रतापरावांच्या दयेची जी परतफेड झाली, तीच कित्तूरला राणीच्या दयेची झाली, असे कोणी म्हणेल.

परंतु इतिहासाच्या वहीत एक दुसरी नोंदही आहे. त्या दोन कैद्यांपैकी वॉल्टर एलियट पुढे मोठा संशोधक झाला. याच दक्षिण महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या मुलखात फिरून त्याने शेकडो शिलालेखांच्या नकला गोळा केल्या, आणि १८३७ साली त्यांवर लिहिलेल्या निबंधाने चालुक्यादी राजवंशांचा इतिहास जगापुढे आणण्यास आरंभ झाला. कित्तूरच्या किल्ल्यात त्या तरुणाचा प्राण गेला असता तर तो राणीचा दोष कोणी मानला नसता. तो वाचला, आणि ज्या भूमीत तो कैदी होता त्या भूमीच्याच विस्मृत अक्षरांना त्याने वाचा दिली. राणीने हे फळ मनात धरून त्याला अभय दिले नव्हते, हे उघड आहे. वीरधर्माने केलेल्या गोष्टीचे फळ करणाराच्या हयातीत दिसतेच असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घोडा गेला, शिलेदार गेला, सरंजाम गेला. सेर्व्हान्तिसने १६०५ साली डॉन किहोते लिहून जुन्या वीरधर्माच्या वेडाला हसून निरोप दिला, त्यालाही चारशे वर्षे होऊन गेली. मैलभर अंतरावरून तोफगोळा टाकणाऱ्याला, आणि आता तर हजार कोसांवरून यंत्राची कळ दाबणाऱ्याला, शत्रूचा चेहराच दिसत नाही; मग त्याच्याशी दिलदारी ती कोणी आणि कशी करावयाची?

माझे उत्तर असे की वीरधर्म नष्ट झाला नाही. त्याने घर बदलले आहे. पूर्वी तो सरदाराच्या लहरीत राहत होता, आता तो कायद्यात राहावयास आला आहे. १८५९ साली सॉल्फेरिनोच्या रणांगणावर विव्हळत पडलेल्या जखमींना पाहून आंरी द्युनां नावाच्या एका व्यापाऱ्याचे मन कळवळले, आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला. १९४९ साली चार करार होऊन जखमी, कैदी आणि नागरिक या सर्वांना संरक्षण मिळाले, आणि भारताने १९६० साली त्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. या करारांचे उल्लंघन होते, रोज होते, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या माणसाला मी सांगावयास नको. पण शपथा मध्ययुगातही मोडल्या जातच होत्या. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की तेव्हा अभय मिळणे हे कैद्याचे नशीब होते, आज तो त्याचा हक्क आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच झाले आहे. मराठीत शिव्हल्रीला स्त्रीदाक्षिण्य असा प्रतिशब्द रूढ आहे. शब्द सुंदर आहे, पण त्यात देणारा उंचावर आणि घेणारी खाली असा भास होतो. मल्लम्मा आणि चन्नम्मा यांनी दाक्षिण्य मागितले नव्हते. त्यांनी गढी लढविली होती. अगदी अलीकडचे उदाहरण निपाणीचे आहे. तेथील तंबाखूच्या वखारींत धुळीने कोंदलेल्या हवेत राबणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या सुमारास संघटना उभारली आणि मजुरी व माणुसकीची वागणूक मागितली. दीपा धनराज व त्यांच्या युगांतर गटाने १९८२ साली या लढ्यावर चित्रपटही काढला. त्या स्त्रियांसाठी कोणी वीर घोड्यावरून धावून आला नाही. त्या एकमेकींसाठी धावल्या. वीरगळावरच्या माणसाचा धर्म आज वखारीतल्या बाईने चालविला, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि जुन्या अर्थाने शिपाईगिरी म्हणाल, तर तिचे विद्यापीठ बेळगावातच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून या शहरात आहे. कर्तव्य, मान, साहस हे पलटणीचे ब्रीद. त्यात मान हा शब्द मधोमध बसला आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीच्या काठी या पलटणीचे नामदेव जाधव यांनी काय केले ते आठवा. शत्रूच्या यंत्रतोफांच्या भडिमारात सोबतची तुकडी कोसळली. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलले, खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचविले, आणि मग परत फिरून शत्रूची यंत्रतोफांची ठाणी मोडली. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला तो या सर्वच कामगिरीसाठी. पण त्यातला क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी जखमी माणूस, मग शत्रू.

त्याच पलटणीचे यशवंत घाडगे त्याआधी १० जुलै १९४४ रोजी इटलीतच एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर चालून जाऊन पडले होते. २०२३ साली त्या देशातील मोंतोने या गावी त्यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याचे ब्रीद आहे. माणगाव तालुक्यातील एका मराठी शिपायासाठी इटलीतील एका गावात, जवळजवळ ऐंशी वर्षांनी, हे स्मारक झाले. मला त्याच्या शेजारी यादवाडची शिळा दिसते.

श्रोतेहो, हे सर्व मी आपल्यापुढे, या सीमाभागातील मराठी माणसापुढे, का मांडतो? १९५६ पासून आपण एक गाऱ्हाणे घेऊन उभे आहोत. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. आपल्या भाषेचा, शाळेचा, पाटीचा आग्रह आपण धरावा. तो न्याय्य आहे आणि सोडण्याचे कारण नाही. पण झुंज लांबली की झुंजणाराचे मन कोते होण्याचा धोका असतो. २०२१ च्या डिसेंबरात बेंगळुरूस शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली, आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोन्ही कृत्ये अंधारात झाली. अंधारात दगडावर हात उगारणे यास कोणत्याही भाषेत शौर्य म्हणत नाहीत.

रायण्णा कोण होता? चन्नम्माचा निष्ठावंत शिपाई. राणी कैदेत पडल्यावर त्याने गोरगरिबांना घेऊन कंपनीशी झुंज चालू ठेवली, आणि १८३१ च्या जानेवारीत खानापूर तालुक्यातील नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आले. नंदगड हे आपल्या मराठी माणसांचेही गाव आहे. तेथे त्याच्या समाधीपाशी वडाचे झाड आहे आणि मूल व्हावे म्हणून नवस करणाऱ्या बायका त्याला पाळणे बांधतात. नवस करणारीची मातृभाषा त्या वडाला कोणी विचारीत नाही.

वीरधर्म आज उरला आहे काय, याची परीक्षा आपल्या पुरती फार जवळ येऊन ठेपली आहे. आपल्या वीराचा जयजयकार करण्यास धैर्य लागत नाही, ते सर्वच करतात. मल्लम्मेने सत्तावीस दिवस आपल्या राजाला अडविले, ही गोष्ट मराठी मुलांना आपण त्याच अभिमानाने सांगतो काय? कित्तूरच्या राणीचे आणि रायण्णाचे नाव घेताना आपला आवाज खाली येतो काय? आणि आपल्या कानडी शेजाऱ्याने यादवाडची ती शिळा आपल्या मुलाला हात धरून दाखवावी, अशी अपेक्षा करण्याइतके आपण स्वतः वागतो काय? या प्रश्नांची उत्तरे न्यायालयात मिळणार नाहीत. ती घरोघर, शाळेच्या वर्गात आणि गल्लीच्या कोपऱ्यावर द्यावयाची आहेत.

भांडण असावे, ते हक्काचे असेल तर मोडूही नये. पण भांडण मिटल्यावर, मग निकाल कोणत्याही बाजूचा लागो, पलीकडच्या माणसाला आपल्यासाठी एखादा दगड बसवावासा वाटेल, असे ते भांडावे. बेळवडी ते यादवाड हे अंतर फार नाही. सवड काढून एकदा त्या वाटेने जाऊन यावे, आणि जमल्यास एखाद्या कानडी मित्राला बरोबर न्यावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.